सिंहासन नको, गादी हवी





२०२५ साली देवी अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आपल्या आठवी-नववीच्या मुलांनी मोबाईलवर पंधरा मिनिटांचा लघुचित्रपट तयार केला. आपण सर्वांनी तो सभागृहात पाहिला, टाळ्याही वाजवल्या. त्यातील वेशभूषा आणि नेपथ्य यांविषयी माझ्या मनात जे आहे ते आज लिहिते आहे, कारण येत्या स्नेहसंमेलनाआधी आपल्याला एक निर्णय घ्यायचा आहे.

सुरुवात मात्र आनंदाची नव्हती. पात्रे निवडताना सातवीतल्या एका मुलीचे नाव मी स्वतः सुचवले. आवाज खणखणीत, मराठी स्वच्छ. ती म्हणाली, "बाई, मला नको." दोन दिवसांनी वर्गशिक्षिकांकडून कारण कळले. आदल्या वर्षी संमेलनात नाचाच्या ड्रेसचे भाडे सहाशे रुपये होते. ते आईकडे मागताना तिला जे वाटले, ते पुन्हा नको होते. सहाशे रुपयांची ती सूचना माझ्याच सहीने घरोघरी गेली होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

चित्रपटासाठी भाड्याच्या दुकानातून भाव मागवला तेव्हा सिंहासन, पगड्या, जरीचे शालू, तलवारी असे सगळे मिळून दोन दिवसांचे चौदा हजार रुपये सांगितले गेले. काही पालक वर्गणी काढायलाही तयार होते. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलाने महेश्वरच्या सहलीत काढलेला फोटो आणला. तिथल्या राजवाड्यात अहिल्याबाईंची गादी जपून ठेवली आहे. साधी बैठक, मागे लोड. तो म्हणाला, "बाई, इथे सिंहासन कुठे आहे?" वर्गात शांतता पसरली. चौदा हजार खर्चून आपण जे उभे करणार होतो, ते मुळातच खोटे ठरले असते.

तिथून काम खऱ्या अर्थाने सुरू झाले. मुलांनी पटकथेवरून यादी केली. प्रत्येक प्रसंगात कोण आहे, काय नेसले आहे, हातात काय आहे, आणि कॅमेऱ्याला खोलीचा केवढा भाग दिसणार आहे. हा शेवटचा प्रश्न फार पैसे वाचवतो. रंगमंच सगळ्या बाजूंनी भरावा लागतो. चित्रपटात चौकटीबाहेरचे काही लागत नाही. संपूर्ण दरबार आम्ही ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात, आठ फूट भिंतीवर उभा केला. भिंतीला गेरू आणि चुना, खाली सतरंजी, त्यावर गादी आणि लोड, बाजूला चौरंगावर पोथी, समई आणि शिवलिंग. विजेचे बटण लपवायला वरून शेला सोडला. किराणा दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्यावर नक्षी कापून तो खिडकीबाहेर धरला, तेव्हा उन्हात त्या जाळीची सावली भिंतीवर पडली आणि वाडा तयार झाला. सुताराची गरज पडली नाही.

कपड्यांनी मात्र धडा शिकवला. अहिल्याबाईंचे लुगडे पांढरे, म्हणून नवे कोरे पांढरे सुती कापड आणले. पहिल्या चाचणीत मोबाईलवर कापड नुसते चमकले आणि चेहरा काळवंडला. मुलांनीच उपाय शोधला. चहा पावडर उकळून गाळलेल्या पाण्यात कापड भिजवले, धुतले, वाळवले. आलेला मळकट पांढरा रंग कॅमेऱ्याला मानवला. साटीन आणि खोटी जर उजेडात लगेच उघडी पडते, साधे सूत पडत नाही, हेही तेव्हाच कळले. एका शिलेदाराच्या मनगटावर घड्याळ राहिल्याने अर्धी सकाळ वाया गेली. त्यानंतर प्रत्येक प्रसंगाआधी प्रत्येकाचा समोरून आणि मागून फोटो काढण्याची शिस्त लागली.

वेशभूषा म्हणजे नटणे नव्हे, हे मुलांना इथे उमगले. चौंडीची लहान मुलगी, होळकरांची सून, आणि पतीच्या मृत्यूनंतर पुढे राज्य सांभाळणारी स्त्री, हा सारा प्रवास त्यांनी लुगड्याच्या रंगातून दाखवला. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटातही बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा प्रवास कपडेच सांगतात. आणि दादासाहेब फाळके? वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेल्या या माणसाने १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तो घरच्या बळावर. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या उपाहारगृहातील आचाऱ्याला लुगडे नेसवले. आपला चित्रपटाचा वारसा असा घरातून सुरू झालेला आहे.

माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे 'जुगाड' हा शब्द माझ्या तोंडी सहज येतो. एका पालकांनी मुलांच्या कामाला तोच शब्द वापरला. मला तो पटला नाही. जुगाडात काम कसेबसे भागवायचे असते. या मुलांनी आधी खरे काय होते ते शोधले आणि मग खर्च केला. कापड नऊशे, गेरू-चुना-सरस अडीचशे, चहा पावडर-सुतळी-टाचण्या दीडशे, सर्वांचा नाश्ता सातशे. एकूण दोन हजार रुपये. हिशेब नववीच्या मुलींनी लिहिला आहे, कोणीही पाहू शकतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या पद्धतीत पैसे वाचतात, पण वेळ जातो. आमचे चार शनिवार गेले आणि दोन शिक्षिकांना घरी उशीर झाला. शिवाय एक चूक माझ्या हातून झाली. एका आजींनी पेटीतले आपल्या सासूबाईंचे लुगडे विश्वासाने दिले आणि त्यावर चुन्याचा डाग पडला. आजी काही बोलल्या नाहीत, त्याचेच मला अधिक वाईट वाटले. जुनी वस्त्रे वापरण्यासाठी घेऊ नयेत. मुलांनी ती पाहावीत, काठ मोजावेत, नेसण्याची पद्धत आजींकडून शिकावी आणि आपले कापड वेगळे तयार करावे. आपल्या मंडळींची चौथी-पाचवी पिढी आता इंदुरात वाढते आहे. पगडी, लुगडे, उपरणे हे शब्द मुलांना येतात, पण वस्तू हाताळलेली नसते. ती ओळख भाड्याच्या दुकानात होत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, यापुढे शाळेच्या कोणत्याही कार्यक्रमासाठी विद्यार्थ्याच्या घरून पोशाखाचे पैसे किंवा भाडे मागू नये. दुसरा, जिन्याखालच्या खोलीत शाळेचा कपडेपट करावा. एक लोखंडी कपाट, एक नोंदवही आणि वर्षाला पाच हजार रुपये एवढे पुरे. तिसरा, नेपथ्य आणि वेशभूषा करणाऱ्या मुलांची नावे पत्रिकेत नटांच्या बरोबरीने छापावीत.

भाड्याच्या ड्रेसमधला फोटो अधिक झगमगीत येतो, हे पालकांचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्या झगमगाटामुळे एखादी मुलगी मंचापासून दूर राहत असेल तर तो फोटो आपल्याला महाग पडतो.

आता ती सातवीतली मुलगी. खर्च काहीच नाही हे कळल्यावर ती स्वतःहून आली, पण भूमिका तोवर दुसरीला दिली होती. तिने कपड्यांचे काम मागून घेतले. चहाच्या पाण्यात कापड बुडवणारे पहिले हात तिचे होते. या वर्षी मला तिचा आवाज मंचावरून ऐकायचा आहे.

आपली,
मुख्याध्यापिका