बेटावरचा पाहुणा

पूर्वीं पुण्यांतील कुटुंब सुट्टींत बाहेर पडलें म्हणजे महाबळेश्वर, कोंकण किंवा एखादें तीर्थक्षेत्र गांठीत असे. अलीकडे विमानाच्या सोयीमुळें पुष्कळ कुटुंबें बंगालच्या उपसागरांतील अंदमान बेटांकडे वळूं लागलीं आहेत. चेन्नईपासून समुद्रावरून सुमारें १,३५० किलोमीटरांचें हें अंतर. तेव्हां बेत ठरतांना घरांत एक प्रश्न हटकून निघतो: तीनचार वर्षांच्या मुलास बरोबर न्यावें, कीं आजीपाशीं ठेवावें? “त्याला काय कळणार? त्याच्या लक्षांत तरी काय राहणार?” असें वडील मंडळी म्हणतात.

आमच्या मतें मुलास अवश्य न्यावें. मात्र तें स्थळें मोजण्याकरितां नव्हे, तर दुसऱ्याच्या घरीं पाहुण्यानें कसें वागावें हें शिकण्याकरितां. ज्या वयांत नांवें व सन लक्षांत राहत नाहींत, त्याच वयांत संवयी जडतात.

पहिला धडा किनाऱ्यावरच मिळतो. वाळूंत सुंदर शंख दिसला कीं मूल तो उचलून खिशांत घालतें, आणि आपण कौतुकानें हंसतों. परंतु त्या किनाऱ्यावर एका जातीचे खेकडे राहतात. त्यांच्या अंगाचा मागील भाग मऊ असल्यामुळें ते रिकाम्या शंखांत शिरून आपलें रक्षण करितात. अंग वाढलें कीं त्यांस मोठा शंख शोधावा लागतो. म्हणजे आपण उचलला तो शंख कोणाचें तरी उद्यांचें घर असूं शकतें. प्रवाळ हा तर नुसता दगड नव्हेच. असंख्य चिमुकल्या प्राण्यांनीं बांधलेली ती वस्ती होय, व लाटांचा जोर मोडून तीच किनारा राखिते. प्रवाळ नेण्यास वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. पण मुलास कायदा सांगण्याची गरज नाहीं. शंखांतून बाहेर येणारे पाय त्यास दाखवावे. तें आपण होऊन शंख खालीं ठेवील.

दुसरा धडा मुलांपेक्षां वडीलधाऱ्यांस कठीण आहे. बाराटांग बेटावरील चुनखडीच्या गुहांकडे जाणारी सडक जारवा लोकांच्या राखीव अरण्यांतून जाते. पहाटेच्या काळोखांत मुलांस झोपेंतून उठवून मंडळी नाक्यावर रांग लावितात. मग पोलिसांच्या सोबतीनें मोटारींचा तांडा निघतो. वाटेंत थांबण्यास, छायाचित्रें घेण्यास व खाद्यपदार्थ देण्यास बंदी आहे. तरीहि कित्येकांचे डोळे गुहांपेक्षां झाडींतच अधिक गुंतलेले असतात. जारवा हीं माणसें आहेत. संग्रहालयांतील वस्तू नव्हेत. शिवाय आपल्या पोरांचीं नेहमींचीं दुखणीं अशा एकाकी जमातींस प्राणघातक ठरूं शकतात. १८७७ सालीं गोंवराच्या साथीनें ग्रेट अंदमानी जमातींतील फार मोठ्या संख्येचे लोक दगावले. १९९९ सालीं जारवांतहि गोंवर पसरला होता. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, लहान मूल बरोबर असतां ही वाट धरूंच नये. “इतका खर्च करून गुहा राहिल्या,” असें कोणी म्हणेल. पण माणसांकडे टक लावून पाहण्यास मुलास शिकविण्यापेक्षां गुहा राहिलेल्या बऱ्या.

तिसरें स्थळ सेल्युलर जेल. १९०६ सालीं पुऱ्या झालेल्या या तुरुंगाच्या मूळच्या सात रांगांपैकीं आज तीनच उभ्या आहेत. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकलेले विनायक दामोदर सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत अंदमानांत बंदिवासांत होते. त्यांचे वडील बंधु बाबारावहि तेथेंच होते. येथें मराठी माणसानें नतमस्तक व्हावें हें योग्यच. परंतु पेंगुळलेल्या मुलास रात्रींच्या ध्वनिप्रकाशाच्या खेळास बसवून काय साधणार? त्यापेक्षां सकाळच्या वेळीं एका कोठडींत त्यास क्षणभर उभें करावें. “येथें माणसाला एकटें कोंडून ठेवीत,” एवढेंच सांगावें, व तें विचारील तितकेंच उत्तर द्यावें. उरलेला इतिहास तें मोठेपणीं वाचील.

दिवसाकांठीं एकच स्थळ पाहावें. तेथें सूर्य पुण्यापेक्षां तासभर तरी आधीं मावळतो, हें ध्यानांत ठेवून मुलाचें जेवण व झोंप सांभाळावी. चार स्थळें कमी झालीं तर कांहीं बिघडत नाहीं.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, हें सर्व आईबापांनाच उद्देशून आहे असें समजूं नका. प्रवासांत धाकट्या भावंडाचा हात बहुधा तुमच्याच हातांत असतो, आणि शंख उचलावा कीं ठेवावा हें तें तुमच्याकडे पाहूनच ठरवितें.