चित्रफीत आपली, जमीन परक्याची

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात आज असा छोटा व्यवसाय विरळाच, की ज्याची एखादी तरी चित्रफीत यूट्यूबवर नाही. सुटे भाग बनविणारा कारखानदार आपल्या यंत्राचे काम चित्रफितीतून दाखवितो, बचत गटातील स्त्रिया फराळाची तयारी दाखवितात, शिकवणीचे वर्ग गणिताचे धडे दाखवितात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, दुकानांची दारे बंद झाली आणि मोबाइलचा पडदा हेच अनेकांचे दुकान झाले. टाळेबंदी उठली, पण ही सवय टिकली. या चित्रफिती ठेवाव्यात कोठे, स्वतःच्या संकेतस्थळावर की सार्वजनिक म्हणविल्या जाणाऱ्या मंचावर, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो मालकीचा प्रश्न आहे. आणि मालकीचा कोणताही प्रश्न समाजवादी चळवळीच्या कक्षेबाहेरचा असू शकत नाही.

प्रथम 'सार्वजनिक' या शब्दाचाच विचार केला पाहिजे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालत आले आहे. तेथे सभासद असतात, त्यांची सभा भरते, हिशेब मांडला जातो, कारभाऱ्यांना जाब विचारता येतो. या अर्थाने यूट्यूब सार्वजनिक नाही. २००६ साली गूगलने १६५ कोटी डॉलर मोजून ते विकत घेतले, आणि तेव्हापासून ती एका कंपनीची खाजगी मालमत्ता आहे. कोणीही आत येऊ शकतो म्हणून जागा सार्वजनिक ठरत नाही. सावकाराच्या ओसरीवरही कोणीही येऊन बसू शकत असे. उठवायचे कोणाला, हे मात्र सावकार ठरवीत असे.

हा मंच लोकांनी स्वीकारला त्याला सबळ कारणे आहेत, आणि ती नाकारणे हा आंधळेपणा होईल. चित्रफीत साठविणे, ती मोठ्या पडद्यासाठी व छोट्या पडद्यासाठी, वेगवान जोडणीसाठी व मंद जोडणीसाठी वेगवेगळ्या आकारांत तयार करणे आणि हजारो प्रेक्षकांपर्यंत एकाच वेळी पोहोचविणे हे खर्चाचे काम आहे. मध्यम दर्जाची पाच मिनिटांची चित्रफीत सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने पाठविली, तर दर प्रेक्षकामागे सुमारे ७५ मेगाबाइट खर्ची पडतात. दहा हजार वेळा ती पाहिली गेली, तर हा आकडा ७५० गिगाबाइटवर जातो. शंभर प्रेक्षक एकाच क्षणी आले, तर सेकंदाला २०० मेगाबिट वाहून नेण्याची क्षमता हवी. माफक भाड्याच्या संकेतस्थळाचा त्यापुढे टिकाव लागत नाही; ऐन सणाच्या दिवशी, गिऱ्हाईक आलेले असताना, चित्रफीत अडखळत राहते. हा सगळा भार यूट्यूब एक पैसाही न मागता उचलते. छोट्या व्यावसायिकाला ते कल्पवृक्षासारखे वाटले तर नवल नाही.

पण भांडवलशाहीत कल्पवृक्ष उगवत नाहीत. २०२४ या एका वर्षात यूट्यूबला जाहिरातींपासून ३,६०० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळाले. त्याचा कच्चा माल म्हणजे लोकांनी तयार केलेल्या चित्रफिती आणि लोकांनी त्या पाहण्यात घालविलेला वेळ. जाहिरातीच्या उत्पन्नातील वाटा मिळावा, तर किमान एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण हवे, अशी अट २०१८ साली घालण्यात आली. त्यानंतर १ जून २०२१ पासून भारतासह जगभर अशी तरतूद लागू झाली, की या भागीदारीत नसलेल्यांच्या चित्रफितींवरही कंपनी जाहिराती दाखवील आणि त्याबद्दल त्यांना काहीही देणे लागणार नाही. म्हणजे डोंबिवलीच्या एखाद्या बचत गटाने अनारसे कसे करतात ते दाखवावे, त्याआधी एखाद्या बड्या कंपनीच्या तयार मिठाईची जाहिरात लागावी, चित्रफीत संपताच शेजारच्या प्रतिस्पर्ध्याची चित्रफीत पुढे यावी, आणि या सर्व व्यवहारात त्या गटाच्या हाती छदामही पडू नये. प्रेक्षक कोण होता, काय पाहून परतला, याचा तपशीलवार हिशेब कंपनीच्या दप्तरात राहतो. गटाला दिसतो तो त्यातील कंपनीने दाखवावयाचे ठरविलेला भाग.

याहून गंभीर प्रश्न आहे तो हुसकावून लावण्याचा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. त्या निर्णयाच्या राजकारणाची चर्चा वेगळी. पण ज्यांनी आपले सारे गिऱ्हाईक त्या एकाच ठिकाणी जमविले होते, त्या असंख्य लहान कारागिरांचा व विक्रेत्यांचा पसारा रातोरात नाहीसा झाला. गिऱ्हाइकांचे पत्ते त्यांच्यापाशी नव्हतेच. त्याच वर्षी २० डिसेंबरला, दिल्लीच्या सीमेवर शेतकऱ्यांचे आंदोलन चालू असताना, फेसबुकवरील 'किसान एकता मोर्चा'चे पान बंद झाले. ओरड झाल्यावर काही तासांत ते परत आले आणि स्वयंचलित यंत्रणेने ते संशयास्पद ठरविले होते, असा खुलासा कंपनीने केला. ज्यांच्यामागे लाखोंचे आंदोलन होते त्यांचे पान परत आले. कल्याणच्या एखाद्या दुकानदाराचे खाते यंत्राने असेच बंद केले, तर ओरड कोणी करावयाची? यूट्यूबवर नव्वद दिवसांत स्वामित्वहक्काच्या तीन तक्रारी लागू झाल्या, तर सबंध खाते त्यातील सर्व चित्रफितींसह जाऊ शकते. बरोबर कोण आणि चूक कोण, याचा पहिला निवाडा कंपनीच्याच दारी होतो.

ठाणे जिल्ह्याला हा प्रकार नवा नाही. बांधबंदिस्ती कुळाने करावयाची, खाचरे कुळाने राखावयाची, आणि जमीन मात्र मालकाची, हा व्यवहार या जिल्ह्याने पिढ्यान् पिढ्या सोसला. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्याचा मालकीहक्क कायद्याने मान्य झाला, तो त्यामागे दीर्घ लढे होते म्हणून. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली ज्या वेठबिगारीविरुद्ध उठले, तिची तुलना आजच्या दुकानदाराच्या अडचणीशी करणे अप्रस्तुत ठरेल. परंतु दुसऱ्याच्या जमिनीवर आपल्या श्रमाने केलेली सुधारणा अखेर दुसऱ्याचीच होते, हा अर्थशास्त्राचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

अगदी अलीकडचा अनुभवही हेच सांगतो. नव्वदीच्या दशकात ठाणे व कल्याण-डोंबिवलीत केबलवाल्या तरुणांनी इमारतीवरून इमारतीवर तारा ओढून आपले जाळे उभारले, आणि त्यावर स्थानिक वाहिन्या व स्थानिक दुकानांच्या जाहिराती चालू लागल्या. डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ च्या मुदतीने, ही शहरे आली. प्रक्षेपणाची किल्ली बड्या जाळ्यांच्या हाती गेली आणि ज्याने जाळे विणले होते तो पुष्कळ ठिकाणी केवळ वसुली कारकून उरला. चित्र स्वच्छ झाले, हे खरे. सत्ता कोणाकडे गेली, हेही तितकेच खरे.

मग प्रत्येकाने स्वतःचे संकेतस्थळ उभारावे आणि सर्व चित्रफिती तेथेच ठेवाव्यात, हा उपाय आहे काय? एका मर्यादेपर्यंत आहे. मूळ चित्रफीत स्वतःपाशी जपून ठेवणे, संकेतस्थळाचे नाव ते बनवून देणाऱ्याच्या नावावर न ठेवता स्वतःच्या नावावर नोंदविणे, गिऱ्हाइकांचे पत्ते त्यांच्या संमतीने आपल्या वहीत ठेवणे, एवढे तर ज्याने त्याने आजच करावयास हवे. यंत्र कसे वापरावे, दुरुस्ती कशी करावी, फी भरलेल्या विद्यार्थ्यांचे धडे कोणते, अशा मोजक्या प्रेक्षकांच्या चित्रफिती स्वतःच्या जागेवर सहज नांदू शकतात. येथे एक फसगत टाळली पाहिजे. यूट्यूबवरची चित्रफीत आपल्या पानावर नुसती चिकटविली, म्हणजे ती आपली होत नाही. खिडकी आपली असली तरी घर त्यांचेच राहते.

परंतु एकट्याने स्वतंत्र होण्याचे स्वप्न हे छोट्या मालकाचे स्वप्न आहे आणि बड्या भांडवलापुढे ते वारंवार भंगलेले आहे. एकट्याला न पेलणारा खर्च शंभरांनी मिळून उचलावयाचा, हाच सहकाराचा अर्थ. या पट्ट्याला तो शिकवावयास नको. १९७० साली डोंबिवली नागरी, १९७२ साली ठाणे जनता आणि १९७३ साली कल्याण जनता या सहकारी बँका येथे उभ्या राहिल्या, त्या लहान ठेवीदारांच्या पैशावर. छोट्या कारखानदारांच्या संघटना आहेत, बचत गटांचे संघ आहेत, ग्राहक संस्था आहेत. त्यांनी एकत्र येऊन चित्रफितींचे सहकारी भांडार का उभारू नये? त्यासाठी लागणारे तंत्र दुर्मिळ नाही. फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट या ना-नफा संस्थेने पीअरट्यूब ही मुक्त आज्ञावली विकसित केली आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. वेगवेगळ्या संस्थांची भांडारे तिच्या आधारे परस्परांशी जोडता येतात आणि एकाच वेळी पाहणारे प्रेक्षक आपसांत चित्रफितीचे तुकडे वाटून घेऊन भार हलका करू शकतात.

यंत्रांचीही वाण नाही. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एके काळी रसायनांचे व अभियांत्रिकीचे कारखाने गजबजलेले होते, तेथे आज डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. ही जमीन मुळात स्थानिक भूमिपुत्रांकडून औद्योगिक विकासासाठी घेतली गेली. वीज, पाणी, रस्ते या सार्वजनिक सोयींवर या इमारती चालतात. त्यांच्या क्षमतेचा काही भाग सहकारी संस्थांना वाजवी दराने मिळावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. नगरपालिका मंडई बांधते ती याचसाठी, की भाजीवालीला खाजगी जागामालकाच्या मेहेरबानीवर बसावे लागू नये. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी अशीच एक मंडई चित्रफितींसाठी बांधण्यास आरंभीचे साहाय्य द्यावे.

यावर आक्षेप येईल, की प्रेक्षक यूट्यूबवर आहे, तो सहकारी भांडाराकडे फिरकणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. आणि म्हणूनच यूट्यूबवर बहिष्कार घाला असे कोणी सांगू नये. चव्हाट्यावर फलक लावावयास हरकत नसते. सारे दुकान, सारा माल आणि खातेवही चव्हाट्यावर ठेवण्यास हरकत असते. आपली ओळख करून देणारी छोटी चित्रफीत तेथे असावी, आणि तिने गिऱ्हाइकाला आपल्या मालकीच्या जागी आणून सोडावे.

त्याबरोबरच कायद्याची लढाईही चालू ठेवावी लागेल. २०२१ च्या नियमांनी अशा मंचांना तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि २०२२ च्या दुरुस्तीने अपील समित्यांची तरतूद केली. मात्र ज्याचा चरितार्थ खात्यावर अवलंबून आहे त्याला, खाते बंद करण्यापूर्वी कारण कळविलेच पाहिजे, म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे आणि आपल्या चित्रफिती परत घेऊन जाण्याची मुदत मिळालीच पाहिजे, हा हक्क निःसंदिग्ध शब्दांत कायद्यात आला पाहिजे. कुळाला नोटिशीशिवाय काढता येत नाही, हे तत्त्व ज्या राज्याने सत्तर वर्षांपूर्वी मान्य केले, त्याने ही मागणी पुढे नेण्यास कचरू नये. चळवळीतील कार्यकर्त्यांनी लघुउद्योजकांच्या, बचत गटांच्या आणि शिक्षकांच्या बैठका घेऊन हा विषय हाती घ्यावा. कारण आज जे छोट्या व्यावसायिकाच्या चित्रफितीचे होते, तेच उद्या कामगार सभेच्या चित्रफितीचे होणार आहे.