फरदड का सुटत नाही?

कापसाचा मुख्य बहर वेचून झाला तरी पऱ्हाटी उपटायची नाही. विहिरीत पाणी असेल तर आणखी एक-दोन पाळ्या द्यायच्या, थोडा युरिया टाकायचा आणि हाती काय लागते ते पाहायचे. याला फरदड म्हणतात, हे जालना जिल्ह्यातल्या हसनाबादच्या शिवारात कुणाला समजावून सांगायला नको. जानेवारीत अशा शेतातले एखादे बोंड फोडून पाहा. रुई पिवळट, कवडी पडलेली असते. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्यांच्या पोकळीत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत पडून असते. वरून कितीही फवारा, औषध तिथवर पोचत नाही.

फरदड हा काही पूर्वापार वेडेपणा नव्हे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. ते वाण आणणारी महिको कंपनी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यातच उभी केलेली. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. अळीचा त्रास सरला होता आणि फरदडीने खरोखर पैसे दिले. पण वर्षभर खाद्य मिळत गेलेली गुलाबी अळी बीटीला पचवायला शिकली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिने जो हाहाकार केला तो सर्वांनी पाहिला. लाभ गेला, सवय मात्र राहिली. डिसेंबरअखेर पीक काढा, असे कृषी विभाग आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था कंठशोष करून सांगत आहेत. ते पटते सगळ्यांनाच, आणि तरी पऱ्हाटी उभीच राहते.

याचे उत्तर शेतकऱ्याच्या अडाणीपणात शोधणे अन्यायाचे आहे. मेंदूत निर्णयाच्या दोन वाटा आहेत. एक वाट परिणाम तोलून पाहणारी, दुसरी पूर्वी फळलेली कृती न विचारता पुन्हा करणारी. गाडीवान झोपला तरी बैल घर गाठतात, तशी ही दुसरी वाट चालते. केंब्रिजचे अँथनी डिकिन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकात उंदरांना कळ दाबून गोड गोळी मिळवायला शिकवले आणि नंतर त्या गोळीचीच शिसारी बसवली. थोडाच सराव झालेल्या उंदरांनी कळ दाबणे कमी केले. सराव मुरलेले मात्र नकोशा झालेल्या गोळीसाठीही कळ दाबत राहिले. मेंदूच्या खोल भागात स्ट्रायटम नावाची रचना आहे. तिचा आतला भाग विचारपूर्वक कृतीशी, तर बाहेरचा सवयीशी जोडलेला असल्याचे पुढच्या प्रयोगांत दिसले.

माणूस उंदीर नाही, हे खरेच. पण जर्मनीतील श्वाबे आणि वोल्फ यांनी २००९ मध्ये माणसांवरच प्रयोग केला. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ज्यांच्यावर ताण आणला होता, ती माणसे पोटभर खाऊन नकोशा झालेल्या पदार्थाचीच निवड करत राहिली. ताण आला की विचाराची वाट मागे पडते आणि सवय पुढे होते. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला तमिळनाडूतील ऊस उत्पादकांचा अभ्यास तर आपल्या फार जवळचा आहे. तोडणीआधी, पैशाची चणचण असताना, त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी तोडणीनंतरच्या मानाने खालावलेली आढळली. माणूस तोच होता, डोक्यावरचा भार तेवढा वेगळा.

अर्थात, फरदड ही निव्वळ सवय नाही. घेणेकरी दारात असताना हाती येणारे चार पैसे सोडणे कुणालाही जड जाते, आणि तो हिशेब अडचणीतून जुळवलेला असतो. पण अडचण आणि सवय एकाच बाजूला ओढू लागल्यावर भिंतीवर चिकटवलेले ‘फरदड घेऊ नका’ हे पत्रक कुणाला थांबवणार? पत्रक विचार करणाऱ्या मेंदूशी बोलते, आणि त्या वेळी तो मेंदू व्याजाच्या आकड्यांत गुंतलेला असतो.

म्हणून नुसत्या उपदेशाचा नाद सोडावा. खरिपाच्या आढावा बैठका एप्रिल-मेमध्ये होतात. तोवर फरदड निघून गेलेली असते आणि अळीने आपली सोय केलेली असते. निर्णय नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतो, तेव्हा मदतही त्याच वेळी बांधावर यायला हवी. शेवटच्या वेचणीच्या आठवड्यात पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र माफक भाड्यात गावात उभे असावे. पाणी असलेल्यांसाठी उन्हाळी मूग-तिळाचे बियाणे उधारीवर मिळावे, आणि सोसायटीच्या वसुलीला थोडी सवड असावी. आणि हे एका शेतापुरते करून भागत नाही, कारण पतंगाला बांध कळत नाही. हसनाबादच्या ग्रामसभेने येत्या नोव्हेंबरमध्येच साऱ्या शिवाराची एक तारीख ठरवावी, आणि कृषी विभागाने यंत्र आणि बियाणे त्या तारखेला गावात पोचते करावे.