घरी लेथ टाकण्याआधी



कडेगाव परिसरात आय.टी.आय.चा टर्नर ट्रेड पूर्ण केलेली आपली बरीच मुले आहेत. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर किर्लोस्करवाडी, पलूस किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोली वसाहतीत कंत्राटी काम, आणि चार-पाच वर्षांनी मनात एकच विचार : घरच्या पडवीत आपला स्वतःचा लेथ टाकावा. विचार उत्तम आहे. मात्र त्यासाठी लागणारा पैसा बहुधा वडिलांच्या फंडाचा नाहीतर आईच्या गंठणाचा असतो. तो एकदाच हातात येतो. म्हणून आज या सदरात त्याविषयीच लिहीत आहोत.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतीच्या प्रश्नावर निबंध लिहिला आणि शेतीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांनीच हलका होईल, असे त्यात मांडले. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांना सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून घ्यावे, अशी मागणी केली. यंत्रावर आपला हात बसावा ही त्यांची दृष्टी होती. आता हात बसला आहे. यंत्र आपल्या मालकीचे कसे होईल ते पाहू.

पहिली गोष्ट, आधी काम शोधा, मग लेथ. आपल्या भागात काम आहे ते पंपांचे शाफ्ट, बुश, ट्रॉलीच्या पिना, उसाच्या वाहनांची दुरुस्ती. महिनाभर वर्कशॉपांत व गॅरेजांत फिरून कोणते काम बाहेरगावी जाते ते वहीत लिहावे. त्यावरून लेथचे माप ठरते. सहा फुटी लेथ म्हणजे त्यात सहा फुटांचा शाफ्ट बसतो असे नव्हे. सहा फूट ही बेडची लांबी. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक त्यातली बरीच जागा खातात. म्हणून दोन सेंटरमधले अंतर, बेडपासून सेंटरची उंची आणि स्पिंडलचे भोक या तीन गोष्टी स्वतः टेप लावून मोजाव्यात.

नवा घ्यावा की जुना? बटाला आणि राजकोटचे नवे लेथ बाजारात मिळतात. जुन्यांत म्हैसूर किर्लोस्करचे नाव अजून घेतले जाते. हरिहरचा हा कारखाना १९४१ सालचा. तो आता बंद आहे, त्यामुळे सुटे भाग मिळतील का ते आधी विचारावे. जुन्या यंत्राच्या नव्या रंगाला भुलू नये. कॅरेज चकजवळ सैल आणि टेलस्टॉककडे घट्ट जात असेल, तर बेड चकजवळ झिजला आहे. तो पुन्हा ग्राइंडिंग करणे खर्चाचे काम. स्पिंडलला डायल लावून प्ले पाहावा. फूटभर गजावर हलका कट घेऊन दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजावीत. आटे पाडून पाहावेत. चक, चेंज गिअर, स्टेडी व सेंटर भावात आहेत की वेगळे, हे पावतीवर लिहून घ्यावे.

विजेचा प्रश्न त्याआधी सोडवावा. लहान लेथ सिंगल फेज मोटरवर चालतो. मोठ्याला थ्री फेज लागते. शेतीपंपाच्या जोडणीवर वर्कशॉप चालवणे कायद्यात बसत नाही, दंड होतो. वेगळी जोडणी मिळेपर्यंत यंत्र आणू नये.

आता हिशेब. समजा, हप्ता ६,००० रुपये, वीज १,५००, टूल व तेल १,५०० आणि घरखर्चाला १२,००० रुपये. एकूण २१,०००. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले, तर रोज ८४० रुपयांची मजुरी सुटली पाहिजे, तीही रोख. स्वतःची मजुरी हिशेबात न धरणारा माणूस धंद्यात नफा झाला असे समजतो आणि घरात मात्र उधारी वाढते.

कर्जाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमांत ग्रामीण भागातील अनुसूचित जातीच्या अर्जदाराला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के ठेवला गेला. हे अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते व नंतर कर्जात वळते होते. आणि ते नव्या उद्योगासाठीच असते. आधी फंडाच्या पैशातून जुना लेथ टाकून धंदा सुरू केला आणि मग अर्ज केला, तर हात हलवत परत यावे लागते. तेव्हा आजचे नियम व निधी सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून, मगच पैशाला हात लावावा. अर्जासाठी दलाल लागत नाही.

‘बौद्ध आहात, केंद्राची सवलत बसत नाही’ असे कोणी काउंटरवर सांगितले, तर गप्प बसू नये. १९९० साली अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना हा हक्क मिळाला. दाखला कोणत्या नमुन्यात हवा एवढेच विचारावे, आणि नकार असेल तर लेखी मागावा.

शेवटी घरच्यांसाठी. पडवीतला लेथ घरातच असतो. पदर, मोकळे केस, सैल बाह्या आणि हातमोजे चालू यंत्राजवळ नकोत. चकची चावी चकमध्ये राहू देऊ नये. डोळ्यांना चष्मा हवाच. मुलांसाठी जमिनीवर पिवळी रेघ ओढावी आणि ती पाळावी.

धंदा बसला की वस्तीतल्या एखाद्या मुलाला, मुलीलासुद्धा, हाताखाली घ्यावे. ज्या मागणीसाठी बाबासाहेबांना व्हाइसरॉयपुढे निवेदन द्यावे लागले, ती शिकाऊची जागा आता आपल्याच पडवीत देता येईल.

जय भीम!