शाळेतील पोलीस आणि ठाण्याचे दार

मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला की शासनाला प्रथम आठवण होते ती पोलिसाची. पुण्यातील ‘पोलीस काका’ आणि मुंबईतील ‘पोलीस दीदी’ हे उपक्रम याच विचारातून निघाले. प्रत्येक शाळेला ओळखीचा एक पोलीस असावा, मुलांनी त्याच्यापाशी मन मोकळे करावे, अशी त्यामागची कल्पना. नाशिकच्या शाळांनाही असा कायमचा संपर्क पोलीस अधिकारी द्यावा, असे कोणी म्हटले तर पालकांचा त्याला सहज पाठिंबा मिळेल. तो पाठिंबा अडाणीपणाचा मानून झटकून टाकणे पुरोगामी कार्यकर्त्याला शोभणार नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या आईला आपली मुलगी शाळेतून सुखरूप घरी पोचेल की नाही, याची लागलेली चिंता खरी आहे. प्रश्न एवढाच, की सुचवलेले औषध या दुखण्यावरचे आहे काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. २० ऑगस्ट रोजी लोकांनी रेल्वे रोखून धरली. आरोप होता तो शाळेच्या बेपर्वाईचा आणि तितकाच पोलिसांच्या दिरंगाईचा. पालक ठाण्यात गेले, तेव्हा त्यांची तक्रार नोंदवून घेण्यास तासन्‌तास लागले. मुंबई उच्च न्यायालयाने या विलंबाबद्दल कडक शब्दांत जाब विचारला आणि संबंधित पोलीस अधिकारी निलंबित झाले. शाळेत गणवेशधारी पोलीस नव्हता म्हणून हा विलंब झाला नाही. ठाण्यात पोलीस होतेच. गरिबाच्या लेकराचे गाऱ्हाणे तत्परतेने ऐकण्याची वृत्ती मात्र तेथे नव्हती. ती वृत्ती शाळेत एक खुर्ची टाकल्याने कशी निर्माण होणार?

दुसरे कारण सांगितले जाते ते अमली पदार्थांचे. नाशिककरांना हा धोका नव्याने समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकरोडजवळील शिंदे गावात मेफेड्रोन बनविणारा कारखानाच सापडला. जप्त केलेल्या मालाची किंमत सुमारे ३०० कोटी रुपये सांगण्यात आली आणि छापा घालण्यासाठी मुंबईहून साकीनाका पोलीस यावे लागले. शहराच्या वेशीवर विषाचा कारखाना चालतो, तो स्थानिक यंत्रणेच्या दृष्टीस पडत नाही, आणि त्याच यंत्रणेने आठवीच्या मुलाचे दप्तर तपासावयाचे, हा न्याय उफराटा आहे. विषाचा व्यापार करणारा शाळेच्या फाटकाबाहेर असतो. पोलिसाचे काम तेथे आहे.

शाळेत नेमलेल्या पोलिसाची नजर सर्वांवर सारखी पडत नाही, ही गोष्टही ध्यानी घेतली पाहिजे. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु चोरी झाली की पारध्याच्या पालावर जाण्याची रीत रद्द झाली नाही. अशा पालावरचे मूल मोठ्या कष्टाने शाळेत येते. वर्गातील पेन्सिल हरवली, मारामारी झाली, तर संशय प्रथम कोणावर जाईल? आज मुख्याध्यापक दोन्ही मुलांना समोर उभे करून, समज देऊन प्रकरण मिटवितात. उद्या तेच प्रकरण वहीत नोंदले जाईल. टोरांटोच्या शाळा मंडळाने नोव्हेंबर २०१७ मध्ये असाच उपक्रम बंद केला. बहुसंख्य विद्यार्थ्यांची त्याविरुद्ध तक्रार नव्हती. तथापि ज्या थोड्यांना आपल्यावर पाळत असल्यासारखे वाटत होते, त्यांच्या भयाला मंडळाने अधिक मोल दिले.

वस्तुतः पोलीस आणि मूल यांच्या संबंधांविषयी आपला कायदा पुरेसा शहाणा आहे. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम १०७ नुसार प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असला पाहिजे आणि जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकात दोन सामाजिक कार्यकर्ते हवेत, त्यांपैकी एक स्त्री. मुलांशी वागताना पोलिसाने शक्यतो साध्या वेशात असावे, असे त्याखालील नियम सांगतात. कोणत्याही मुलाला कोठडीत टाकण्यास कायद्याची मनाई आहे. लैंगिक अत्याचाराची हकिकत मुलाकडून लिहून घेताना गणवेश नसावा, असे २०१२ चा पोक्सो कायदा बजावतो. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समित्या नेमावयास सांगितल्या. एवढे सारे कागदावर असताना नव्या पदाची घोषणा करणे म्हणजे जुन्या कर्तव्यांवर पांघरूण घालणे होय.

म्हणून नाशिकच्या कार्यकर्त्यांनी नुसता विरोध नोंदवून थांबू नये. आपल्या ठाण्यातील बालकल्याण अधिकारी कोण, त्याचे नाव शाळेच्या फलकावर का नाही, हे त्यांनी विचारावे. महापालिकेच्या किती शाळांत समुपदेशकाचे कायम पद आहे, याचा हिशेब मागावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पोलिसाने शाळेत यावे ते या समितीच्या निमंत्रणावरून, कायदा समजावून सांगण्यासाठी. मुलांच्या नोंदी ठेवण्यासाठी नव्हे. राज्यभरातील फौजदार घडविणारी पोलीस प्रबोधिनी नाशिकमध्येच आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला घाबरलेल्या मुलाशी कसे बोलावे हे आले पाहिजे, ही मागणी याच शहरातून उठणे उचित ठरेल.

लोकशाहीत पोलिसाची भीती नसावी, हे खरेच. परंतु ती भीती घालविण्याची पहिली जागा पोलीस ठाणे हीच आहे. एखादी मोलकरीण आपल्या मुलीचा हात धरून तेथे गेली आणि तिला बसावयास खुर्ची मिळाली, तिची फिर्याद त्याच घटकेस लिहून घेतली गेली, तर ती वार्ता साऱ्या वस्तीत पोचेल. मग शाळेत पोलीस काका धाडण्याची निकड कोणालाच भासणार नाही.