पत्रांचे बळ

घरातील मुले अवकाशकथांत रमली की वडीलधारी मंडळींना तो वेळेचा अपव्यय वाटतो. वाचकहो, एक उदाहरण पाहू. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६९ मध्ये बंद पडली. चाहत्यांची निष्ठा मात्र ओसरली नाही. १९७६ मध्ये पहिल्या स्पेस शटलचे नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरत होते. चाहत्यांनी हजारो पत्रे धाडली आणि मालिकेतील यानाचे ‘एंटरप्राइज’ हे नाव त्याला लाभले. ते स्वतः अवकाशात कधीच गेले नाही. पण पुढील यानांची धावपट्टीवर उतरण्याची पद्धत त्याच्याच चाचण्यांत पारखली गेली. मुलांच्या छंदाचा हिशेब मांडताना केवळ खर्चाची बाजू पाहून वही मिटू नये.