पोस्टमनकाका येतील ना?

परवा चौथीच्या मुलांना एकेक पोस्टकार्ड दिलं. अवघ्या ५० पैशांचं! निम्म्यांना जुन्नरचा पिनकोड, ४१०५०२, माहीतच नव्हता. (पिनकोडची ही युक्ती आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची, १९७२ सालची बरं का!)

मग सांगितलं, डेन्मार्कच्या टपाल कंपनीनं २०२५च्या अखेरीस घरोघरी पत्रं वाटणं बंद केलं. आपल्याकडेही २०२५पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलंय.

आंबेगावच्या डोंगरातली एक मुलगी वसतिगृहात राहते. ती म्हणाली, "सर, माझ्या आजीला वाचता येत नाही. पोस्टमनकाकाच वाचून दाखवतात. ते यायचे थांबले तर?"

मला उत्तर सुचेना. तिचं कार्ड सोमवारी पेटीत टाकलंय. पोचलं की कळवीन हं!